फाटकापलीकडे मला ओळखणारे लोक

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते. जेवणं उरकली की मोबाईल घेऊन बसते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. हायवेवरची पांढरी साडी, मागून येणारे पैंजण... माझा असल्या कशावर कधी विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेरी काय, सासरी काय, आम्ही पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं. अंगारा-धुपारा, बाहेरची बाधा हे शब्दच घरात नाहीत. वडील म्हणायचे, "भूत दिसलं तर आधी त्याला नाव विचार, मग मला येऊन सांग."

माझ्या बाबतीत जे झालं त्यात नाव विचारायची सोयच नव्हती. कारण नाव माझंच होतं.

आम्ही उदगीरला राहतो, स्टेशनच्या बाजूला, दाल मिलच्या मागच्या गल्लीत. मिस्टर एसटीत कंडक्टर. ड्युटी कधी देगलूर, कधी नांदेड, घरी यायला रात्रच. मुलगी प्राजक्ता नांदेडला नर्सिंग करते. घरात राहिलो मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो.

आत्याबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दिवसा शेजारच्या मंदाताई लक्ष ठेवायच्या, शाळेतून आल्यावर मी. कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने दूध पाजायचं. हे सगळं आटोपलं की दिवेलागणीच्या आधीची एक वेळ यायची. तेव्हा हाताला काम नसायचं, पण उठताही यायचं नाही. कारण नेमक्या त्या वेळेला आत्याबाईंना भीती वाटायची. कसली ते सांगता यायचं नाही त्यांना. चांगल्या हाताने माझा हात घट्ट धरायच्या. टीव्ही लावला की डोकं दुखायचं, मी मोबाईल बघायला लागले की बोटं अजून आवळायच्या. मी आपली पलंगाशेजारी स्टुलावर, घरातला गाऊन घालून, भिंतीकडे बघत.

मग मी मनातल्या मनात फिरायला जायला लागले.

यात काही मोठं नाही, नुसता कंटाळा होता. दार उघडायचं, गल्ली, पाण्याची टाकी, मिलची लांब भिंत, रेल्वेचं फाटक. फाटकापर्यंतचा रस्ता माहितीतला. फाटकाच्या पलीकडे मात्र मी कधी गेले नव्हते. तिकडे आपलं काम काय? म्हणून पुढचं मी रचायचे. कच्चा रस्ता, डाव्या हाताला बाभळी. मग ओढा, त्यावर सिमेंटचे पाईप टाकून केलेला छोटा पूल. पुलाच्या पुढे म्हशींचा गोठा, आणि गोठ्यासमोर कडुलिंबाखाली एक दगडी उखळ, पालथं घातलेलं. त्या उखळावर बसायचं, वारा घ्यायचा आणि माघारी. रोज तोच रस्ता. दोनेक वर्षं माझी हीच काय ती स्वतःची वेळ होती.

पुढे नणंद लातूरहून आल्या, रेखाताई. "वहिनी, आईला मी नेते. आमच्याकडं फिजिओथेरपीवाला घरी येतो. तुम्ही लई केलं, आता जरा दम घ्या." आत्याबाई लातूरला गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी काय केलं माहितेय? रिकाम्या पलंगाशेजारी स्टुलावर जाऊन बसले. हात कुठे ठेवावा तेच कळेना.

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं, तर ती चिडलीच. "मम्मी, तुझी शुगर बॉर्डरला आहे. उठ, बूट घे आणि रोज चालायला जा. कुणासाठी नाही, स्वतःसाठी."

घेतले बूट. साडीवर बूट घालून निघायची आधी लाजच वाटली. गल्लीतली माझ्याच वर्गातली पोरं ओरडायची, "मॅडम, कुठं चाललाव?" काय सांगणार? आपल्याकडे बाई कामाशिवाय नुसती चालते म्हटलं की लोकांना कोडं पडतं. सुरुवातीला फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. मग एका संध्याकाळी फाटक उघडं होतं, हवा छान होती, पायही थांबेनात... गेले पलीकडे.

डाव्या हाताला बाभळी होत्या. असू दे, मराठवाड्यात बाभळी कुठे नसतात? पुढे ओढा आला. त्यावर सिमेंटच्या पाईपांचा पूल. मी मनाशी म्हटलं, असे पूल गावोगावी असतात. मग गोठा दिसला. गोठ्यासमोर कडुलिंब.

आणि कडुलिंबाखाली पालथं उखळ.

मी जागच्या जागी उभी राहिले. भीती वाटली का? नाही. परक्या घरात आपलीच चप्पल काढलेली दिसावी, तसं काहीतरी वाटलं. तेवढ्यात गोठ्यातून एक बाई बाहेर आली, हातात धारेची चरवी. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"आलाव का बाई! लई दिवस झाले की. आजारी-बिजारी होत्या का?"

"तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी..." मी म्हटलं.

"अगं बया, बोलता की तुम्ही!" ती हसायलाच लागली. "इतके दिवस मी हाका मारून राहिले, तर नुसतं हसायच्या. आमचे मालक म्हणायचे, मुकी हाय बिचारी. आन् आज साडी? पायात बूट?"

"मग रोज काय असायचं?"

"त्यो बदामी गाऊन की. खिशाला खाकी ठिगळ लावलेला. पायात काईच न्हाई. मी म्हणायची, एवढी चांगल्या घरची दिसती, काट्याकुट्यात अनवाणी कामून फिरती?"

तो गाऊन माझ्याकडे आहे. त्याचा खिसा उसवला तेव्हा मिस्टरांच्या जुन्या युनिफॉर्मचा तुकडा मीच लावला होता. तो घालून मी अंगणातही येत नाही.

बाईंचं नाव शकुंतलाबाई. मी त्या उखळावर बसले आणि विचारत सुटले. कधी यायचे? कुठून यायचे? किती वेळ?

"मी धारेला बसले की यायच्या. हितंच, आता बसल्या तशा. धार झाली की बघावं तर न्हाई. जाताना कधी दिसल्या न्हाईत बाई."

घरी येऊन मी झोपेत चालण्याबद्दल मिळेल ते वाचलं. पण मी झोपलेली नसायचे. शिवाय फाटकापर्यंत भर वस्ती. गाऊनमधली, अनवाणी मास्तरीण रोज जाताना कुणाला तरी दिसली असती! मंदाताई तर संध्याकाळी दारातच भाजी निवडत बसतात, त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय गल्ली ओलांडता येत नाही. त्यांना विचारलं, "आत्याबाई आजारी होत्या तेव्हा मी संध्याकाळी बाहेर जाताना दिसले का कधी?"

"तू?" त्या म्हणाल्या. "तू तर कचरा टाकायला बी येत न्हवतीस. मीच न्यायची तुझी बादली."

एवढ्यावर मी हा विषय मनात ठेवून दिला असता. रोज चालत होते, शकुंतलाबाईंशी मैत्री झाली होती, शुगर उतरली होती. पण रेखाताईंच्या नातीचं नाव ठेवायला आम्ही लातूरला गेलो आणि तिथे गोष्ट फुटली.

जेवणं चालली होती. मिस्टरांचे चुलतभाऊ पंडित भाऊजी समोरच्या पंगतीत होते. साधा, सरळ माणूस. त्यांचं शेत त्याच ओढ्याकाठी आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते कौतुकानेच म्हणाले, "वहिनी आता बऱ्या दिसतेत. तशा आधीबी रोज यायच्या म्हणा फिरायला, काकू आजारी होत्या तवा. आमच्या बांधावरून दिसायच्या."

रेखाताईंचा वाढायचा हात थांबला. "रोज? आणि आईला कुणाजवळ ठेवून?"

मी म्हटलं, "ताई, मी घर सोडून कधी गेले नाही."

"मी खोटं कामून बोलू वहिनी?" भाऊजी बिचारे गडबडले. "हाक मारली तरी तुम्ही बघत न्हवता. म्हणलं, टेन्शन असंल."

मी मिस्टरांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते. त्या दोन वर्षांत संध्याकाळचे ते कधीच घरी नसायचे. माझ्या बाजूने काय सांगणार? रेखाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई एकटी पडून राहायची? पलंगावरून पडली असती तर..." माझं दोन वर्षांचं करणं एका वाक्यात मातीत चाललं होतं, आणि मला खरं बोलताही येईना. काय सांगू? की ती मी होते, पण मी नव्हते?

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. आत्याबाईंचा. जिभेला जोर लावून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"ती... हितंच व्हती. माझा हात... सोडला न्हाई कधी."

विषय तिथेच मिटला. आई म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दुपारी सगळे अंगणात गेले आणि मी आत्याबाईंजवळ बसले. म्हटलं, "तुम्ही माझी लाज राखली."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग हळूहळू म्हणाल्या, "खोटं न्हाई बोलले. पन पंडित बी खोटा न्हाई."

"म्हणजे?"

"तुजे डोळे उघडे असायचे. पन तू नसायचीस. हात गार पडायचा. मंग घटकाभरानं गरम व्हायचा, दम लागल्यावानी श्वास... मला कळायचं, आली."

"मग हाक का नाही मारलीत? तुम्हाला तर त्या वेळेला भीती वाटायची ना?"

"लई भ्या वाटायचं." त्या थांबल्या. तोंडाच्या कडेची लाळ मी पुसली. "एकदा तहान लागली व्हती. घसा वाळला. पन म्हनलं, जाऊ दे. दिवसभर राबती पोरगी. येतीच की माघारी."

एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या हात धरून मला बांधून ठेवत होत्या.

परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता सरेपर्यंत मिस्टर तिकिटाच्या घड्या घालत बसले होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पंडित खोटं बोलत नाही. तूपण बोलत नाहीस, मला माहितेय. मला त्यात डोकं घालायचं नाही. आई घरी आली की मी सकाळची ड्युटी मागून घेतो. संध्याकाळी मी थांबत जाईन. तू जात जा."

तसंच केलं त्यांनी. आत्याबाई आता घरी आहेत. आधाराने बसतात, थोडं बोलतात, चालणं मात्र होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी जवळजवळ रोज बूट घालून फाटकाच्या पलीकडे जाते. पंडित भाऊजी बांधावरून हात करतात, मीही करते. ती गाऊनवाली बाई मात्र आत्याबाईंना लातूरला नेल्यापासून पुन्हा कुणाला दिसलेली नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. भास म्हणावा तर तो माझा नाही, तीन वेगवेगळ्या माणसांचा आहे. मी न पाहिलेला रस्ता माझ्या डोक्यात कुठून आला, तेही कळत नाही. लहानपणी कधी त्या बाजूला गेले असेन म्हणावं, तर माझं बालपण सगळं किनवटकडे गेलं. इथे कुणाला असं काही ऐकून माहीत असेल तर जरूर सांगा. मेलेल्या माणसाचं नको, जिवंत माणसाचं.

आणि विचारण्यामागे एक कारणही आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी चालून आले, तर आत्याबाई माझी वाट बघत होत्या. मिस्टर चहा ठेवायला आत गेले तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कसं जायचीस ग?"

"मला नाही माहीत आत्याबाई. खरंच नाही."

"मला बी शिकव की," त्या म्हणाल्या.

काय शिकवणार? पण तेव्हापासून रविवारी मी चालायला जात नाही. त्यांच्याजवळ बसते आणि रस्ता सांगते. दार उघडलं, गल्लीत आलो, मंदाताई बसल्यात, टाकी आली, मिलची भिंत संपेचना... त्या छताकडे बघत ऐकतात. गेल्या रविवारी फाटक ओलांडून आम्ही बाभळींपर्यंत आलो होतो, आता ओढा, असं मी म्हणणार, इतक्यात त्यांनी माझा हात दाबला.

"थांब," म्हणाल्या. "फुडचं सांगू नको. मला बघू दे."

मी गप्प बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. त्यांना काय दिसलं ते मी विचारलेलं नाही. त्यांनीही अजून सांगितलेलं नाही.