कासवाच्या पाठीवरचं कुंकू

आमच्या घरात माणसांपेक्षा कासवाची उस्तवार जास्त होते, असं माझा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचा. खोटं नव्हतं ते. २०१६ मध्ये इथे आयर्लंडात, माझ्या सँडीफोर्डच्या ऑफिसातली एक आयरिश मैत्रीण कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली आणि जाताना तिचं कासव माझ्या गळ्यात मारून गेली. बॉक्स टर्टल. पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं. त्याच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते. घाबरलं की डोकं, पाय सगळं आत घेऊन ते स्वतःला पेटीसारखं घट्ट मिटून घेतं. मला वाटलं होतं, चार पानं टाकली की झालं. कसलं काय! त्याला ऊब देणारा दिवा हवा, ओलसर माती हवी, स्ट्रॉबेरी हव्यात, गांडुळं हवीत. पण महिन्याभरात ते माझ्या पावलांचा आवाज ओळखून मान बाहेर काढायला लागलं आणि मी कामातून गेले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये नवऱ्यानं कपडे वाळत घातले आणि बाल्कनीचं दार उघडं टाकून तो फोनवर बोलत बसला. कठड्याखालच्या फटीतून कासव दुसऱ्या मजल्यावरून खालच्या फरशीवर पडलं. मी धावत गेले तेव्हा पाठीचा मागचा उजवा तुकडा आत दबला होता आणि रक्त येत होतं. कासवाला रक्त असतं हे मला माहीत होतं, पण इतकं लाल असेल असं वाटलं नव्हतं.

सरपटणारे प्राणी बघणारी डॉक्टर गावाबाहेर तासाभरावर, ड्रोहेडाच्या बाजूला होती. तिनं जखम धुतली, तुकडा उचलून जागेवर आणला, तड्याच्या दोन्ही बाजूंना छोटे हूक चिकटवले आणि त्यांत तार ओवून आवळली. मग तिनं मला समोर बसवून समजावलं. कवच म्हणजे नख नव्हे, हाड आहे, जिवंत आहे, भरायला वर्ष लागेल. एका कोपऱ्यात जखम मुद्दाम उघडी ठेवली आहे, आतली घाण बाहेर यावी म्हणून. तिथे रोज नवी पट्टी. दर तिसऱ्या दिवशी पुढच्या पायात इंजेक्शन, तेही मीच द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती दोनदा म्हणाली, जखम कोरडी आणि स्वच्छ राहिली पाहिजे. त्याची बिजागरी पुन्हा पूर्ण मिटायला लागली की समज, ते वाचलं.

तेव्हापासून माझा जीव त्या बिजागरीत अडकला. आणि तोंड नवऱ्यावर सुटलं. दोन महिने मी त्याला त्या दारावरून ऐकवत होते. जेवताना, लुआस ट्राममध्ये, त्याच्या मित्रांसमोर. तो ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसातून दमून यायचा, मी ताटाआधी ते दारच त्याच्यापुढे वाढायची. तो मान खाली घालून जेवायचा.

जुलैत सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी, अमरावतीकडून. मी आधीच धास्तावलेले, आता या घरात किडे-गांडुळं बघून काय म्हणतील. जी बाई आमच्या प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, अंडी दिसली म्हणून तिथली डाळसुद्धा दुसऱ्या कपाटात हलवते, तीच आठवड्याभरात पावसानंतर इमारतीमागच्या हिरवळीवर चमच्यानं गांडुळं उकरताना दिसली. म्हणाल्या, त्याचा आहार आहे, त्यात आपला धर्म कुठे आला. पट्टी बदलताना कासवाला धरायच्याही त्याच. ऑगस्टच्या मध्यावर ते मागचा उजवा पाय जवळजवळ आत घ्यायला लागलं. कवचाची बोटभर फट उरली होती. डॉक्टर म्हणाली, ग्रँड, अगदी ग्रँड चाललंय.

मग गणपती आले.

दीड दिवसाचा आमचा गणपती, आरतीला वीस-पंचवीस मंडळी. कासव आतल्या खोलीत होतं. तिथेच राहिलं असतं, तर काही झालं नसतं. पण कुणीतरी विचारलं, आणि मला कौतुकाची हौस. मीच ते टॉवेलवर घेऊन बाहेर आले. बायका भोवती जमल्या. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये एक ताई आहेत, सगळ्यांत जुन्या, नव्या आलेल्यांना घर बघून देणाऱ्या, डोहाळजेवणं करणाऱ्या. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्या म्हणाल्या, अगं, देवासमोर कासव असतंच की देवळात, साक्षात आलंय तुझ्याकडे! त्यांनी कासवाचं तोंड गणपतीकडे केलं, पाठीवर हळदीकुंकू वाहिलं, वर पळीभर तीर्थ सोडलं. मी म्हटलं, ताई, जखम आहे हो. इतकंच. तेही हसत. त्या म्हणाल्या, हळदीनं जखम भरतेच, वेडे.

मग एकामागून एक सगळ्या वाहायला लागल्या. फक्त सासूबाई अडवायला पुढे झाल्या. "त्याले हात नका लावू बायांनो, जखमी हाय थे," त्या म्हणाल्या. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी, दोन महिने घर डोक्यावर घेणारी मी, काय केलं असेल? मी सासूबाईंना म्हटलं, आई, राहू द्या, श्रद्धेनं करतायत. कासव मिटायला बघत होतं. उजवा पाय तेवढा बाहेर राहिला होता, आणि त्यावरून लाल पाणी ओघळत होतं.

मंडळी गेल्यावर आम्ही दोघींनी मिठाच्या पाण्यानं जखम धुतली. कुंकू तड्यात शिरलं होतं, कापूस लालच येत राहिला. मग सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "काऊन वं पोरी, सोताच्या घरात तुले नाही म्हनता येत नाही?"

मी नवा कापूस घेतला. आठ दिवसांत वास यायला लागला. डॉक्टरनं उघडं ठेवलेलं भोक आतून पुवानं भरलं होतं. तिनं तार काढली, पुन्हा धुतलं, औषध बदललं. हे काय लागलंय, असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबर संपता संपता कासवानं गांडूळ तोंडाजवळ धरलं तरी मान काढणं सोडलं. सासूबाईंच्या परतीच्या आधीच्या सोमवारी ते गेलं. मिटलेलं नव्हतं, चारही पाय बाहेर होते. नवऱ्यानं हिरवळीच्या कडेला खड्डा केला. आता त्यानं मला सुनवावं, म्हणून मी वाट बघत होते. त्यानं फावडं धुतलं आणि कपडे आत आणले.

पुढच्या वर्षी गणपतीला त्या ताई आल्या. तुझं कासव कुठाय गं, त्यांनी विचारलं. वर्षभर मनात घोटलेली वाक्यं तयार होती माझ्याकडे. मी म्हटलं, दिलं एकीला, चांगल्या घरी आहे. त्या म्हणाल्या, अगंबाई, घरची लक्ष्मी घालवलीस की. मी हसले आणि त्यांच्या पानात दुसरा मोदक वाढला, वर तूपही.

सगळे गेल्यावर सासूबाईंना फोनवर गणपती दाखवला. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "थे बाई आली होती काय? सांगतलं का तिले?"

"हो आई," मी म्हटलं. "सांगितलं."

"बरं केलं पोरी," त्या म्हणाल्या. माझ्या मागे नवरा मखराच्या सैल दोऱ्या आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.