परराष्ट्र आणि मासेमारी

आमच्या मावससासूबाईंसारखी बाई डोंबिवलीत दुसरी नाही, कल्याणात नाही, ठाण्यात तर नाहीच नाही, आणि कुणी आणून दाखवली तर मी त्याच्या घरी जन्मभर पाणी भरीन. कारण साधं आहे. त्या एका सार्वभौम देशाच्या परराष्ट्रमंत्री होत्या. खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी घराण्याची जी माहिती सांगितली तीत ‘एक मावशी परदेशात असते, तिकडे मंत्री आहे’ असं एक वाक्य होतं. माझ्या वडिलांनी ते ‘मुलीला स्वयंपाकाची आवड आहे’ या वाक्याशेजारी ठेवलं आणि दोन्ही सारख्याच उदारपणे सोडून दिली. पुढे कळलं की त्यातलं मंत्र्याचं वाक्य खरं होतं.

तो देश पॅसिफिक महासागरात आहे. नाव इथे लिहीत नाही, कारण ‘मित्रराष्ट्र आहे, थट्टेच्या लिखाणात नाव यायला नको’ अशी मावशींची सक्त ताकीद आहे. नकाशात तो शोधायचा तर आधी फडक्याने नकाशा पुसून घ्यावा लागतो, म्हणजे बेट कुठलं आणि माशीने केलेला ठिपका कुठला ते कळतं. अख्खा देश उचलून आमच्या डोंबिवली पूर्वेला आणला तर संध्याकाळच्या भाजीबाजारात तो कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. मावशी मूळच्या इथल्याच. वडील एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते आणि रविवारीसुद्धा त्यांची नखं निळी असायची. मावशी गणित घेऊन बीएस्सी झाल्या, बंदरं बांधणाऱ्या एका इंजिनिअरशी लग्न केलं, आणि दोन वर्षांच्या कामासाठी म्हणून त्या बेटावर गेल्या त्या तिथल्याच झाल्या. वेळ जात नव्हता म्हणून तिथल्या एकुलत्या एक हायस्कुलात गणित शिकवू लागल्या.

आता एकच हायस्कूल असलेल्या देशात गणिताच्या बाई होणं म्हणजे काय, याचा विचार करा. मुलं मोठी होतात. कुणी डॉक्टर होतो, कुणी फौजदार, कुणी बिशप आणि कुणी पंतप्रधान. मावशींचा भूमितीत कच्चा असलेला एक विद्यार्थी पंतप्रधान झाला आणि एका दुपारी त्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला. “मॅडम, परराष्ट्र खातं तुम्ही घ्या.” मावशींनी त्याला आधी चपला बाहेर काढायला लावल्या आणि मग विचारलं, “मीच का?” तो म्हणाला, “इथे सगळे सगळ्यांचे नातेवाईक आहेत. तुम्ही एकट्याच कुणाच्या कुणी नाही.” हे सांगताना मावशी दर वेळी हसतात. खात्याचं पूर्ण नाव होतं परराष्ट्र आणि मासेमारी. त्या देशाची सगळी परदेशनीती एवढीच, की आपल्या समुद्रात मासे कुणी पकडायचे. त्यामुळे जन्मात मासा तोंडाला न लावलेल्या आमच्या मावशी मोठमोठ्या देशांच्या वकिलांसमोर बसून ट्यूनाच्या जाळ्याची भोकं केवढी असावीत यावर तासन्‌तास वाद घालत असत. “वास सहन होत नसे हो,” त्या सांगतात, “पण चेहऱ्यावर दाखवता येत नाही. सगळी परराष्ट्रनीती एवढ्यातच आली म्हणा ना.”

इंजिनिअर काका गेल्यानंतर, सरकारही बदलल्यानंतर, काही वर्षांपूर्वी त्या परत आल्या आणि आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहू लागल्या. मंत्रिपद सुटलं, पण भाषा सुटली नाही. वॉचमनने विचारलं, “आजी, पाणी आलं का?” तर उत्तर येतं, “प्राथमिक माहितीनुसार आलेलं आहे.” माझ्या बायकोने उसळ करून पाठवली आणि कशी झाली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “नीलू, या उसळीवर आपली अत्यंत मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी.” आम्ही आता ही भाषा शिकलो आहोत. ‘मोकळेपणाने’ म्हणजे मीठ जास्त. ‘सौहार्दपूर्ण’ म्हणजे काही ठरलेलं नाही. ‘मी तुमची भूमिका समजू शकते’ म्हणजे तुमचं अजिबात चालणार नाही. भाजीवाल्याशी त्या घासाघीस करत नाहीत. त्याने भाव सांगितला की नुसत्या त्याच्याकडे प्रेमाने बघत राहतात. तो बिचारा आधी हसतो, मग तागडी पुसतो, मग भाव कमी करतो आणि वर कोथिंबीर टाकतो. आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी त्यांना माहीत असावी लागते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी आधी गाव विचारलं, मग भावंडं किती, त्यात तुझा नंबर कितवा, आई-वडिलांत कुणाचं जास्त चालायचं. तो पाना हातात धरून उत्तरं देत होता आणि नळ गळत होता. मी नंतर म्हटलं, “मावशी, कशाला हवं हे सगळं?” तर म्हणाल्या, “जावईबापू, माणूस बोलणी करायला बसतो ना, तेव्हा तो एकटा नसतो. त्याचं सगळं घर त्याच्या मागे उभं असतं. आपण त्या घराशी बोलायचं.”

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. या बाई खरोखर काय करत असतील, कशा करत असतील, याचं कुतूहल होतं, पण त्या पुरावा म्हणून कधी काही दाखवत नसत. तो पुरावा मला माझ्याच घरात मिळाला.

नीलू आणि तिचा भाऊ अभय यांचं बोलणं बंद होतं. अभय घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतो. सासरे आजारी पडले तेव्हा ते त्याच्याकडे होते. त्यांना हॉस्पिटलात हलवलं त्या दिवशी नीलूने निघते म्हणून फोन केला, तर अभय म्हणाला, “आज नको धावपळ करूस, उद्या ये.” सासरे त्याच संध्याकाळी गेले. त्यानंतर कित्येक वर्षं भावा-बहिणीने एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. भाऊबीज आली की दोघंही सहलीला जात, आणि शक्यतो उलट दिशांना.

मावशी परत आल्यावर काही महिने नुसत्या बघत होत्या. मग एका रविवारी मला म्हणाल्या, “गाडी काढा.” शीळ रस्त्याने, मुंब्र्याला वळसा घालून आम्ही घोडबंदरला गेलो. त्या अभयशी तासभर बोलल्या आणि परतल्यावर नीलूच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. असे बरेच रविवार गेले. मी ड्रायव्हर, आणि त्या मागच्या सीटवर, खिडकीशी, दौऱ्यावर निघाल्यासारख्या.

“अभयला माफी मागायची नाही आणि नीलूला माफ करायचं नाही,” त्या मला म्हणाल्या. “ठीक आहे. मी दोघांनाही ते करायला सांगणारच नाही. दोघांना कबूल होईल असं एक वाक्य शोधायचं. एकच.”

मग त्या वाक्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी त्यांनी नेलं, ‘बाबा गेले तेव्हा नीलू तिथे हवी होती.’ नीलू भडकली. “हवी होती म्हणजे? मीच आले नाही असं वाटतंय ऐकणाऱ्याला!” मग नेलं, ‘नीलूला त्या दिवशी येऊ द्यायला हवं होतं.’ अभय उठून उभाच राहिला. “म्हणजे मी अडवलं तिला? मावशी, डॉक्टर म्हणालेले की दोन दिवसांत घरी सोडतो. मी रात्रभर जागलेलो, म्हटलं ती कशाला आणखी हैराण होतेय.” ‘चुकलं’ हा शब्द त्याला नको होता, ‘वाईट झालं’ हा नीलूला नको होता. “वाईट झालं काय? पोळी करपली की वाईट झालं म्हणतात.” प्रत्येक वेळी मावशी म्हणायच्या, “समजलं. कळवते.” मला वाटलं, हे काही जमायचं नाही.

एका परतीच्या वेळी कापूरबावडी नाक्याच्या अलीकडे आम्ही जाम अडकलो. पुढे कंटेनर, मागे बस, हलायला जागा नाही. इतके दिवस मनात असलेला प्रश्न मी विचारून टाकला. “मावशी, तुम्ही मंत्रिपद का सोडलंत? सरकार तर त्यानंतर बदललं.”

त्यांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं. मासेमारीच्या एका मोठ्या कराराची बोलणी दूरच्या एका देशात चालली होती. बेटावरून काकांना बरं नाही असा फोन गेला. काकाच फोनवर म्हणाले, “सही करून ये. एवढं काही नाही मला.” बेटावर विमान रोज जात नाही. त्या पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. शाळेतल्या मुलांनी, म्हणजे आता बाप्ये झालेल्या मुलांनी, सगळं नीट केलं होतं.

“करार चांगला झाला हो,” त्या म्हणाल्या. “अजून चालू आहे.”

मी म्हणालो, “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? जायचं राहून गेलं.”

मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं. “काय म्हणालात?”

“राहून गेलं म्हटलं.”

“गाडी वळवा.”

घोडबंदर रोडवर गाडी वळवा म्हणणं सोपं आहे. मी ती वळवली तेव्हा दिवेलागण झाली होती. अभयने बनियनवर दार उघडलं. मावशी आत गेल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अभय, त्या दिवशी नीलूला बोलवायचं राहून गेलं. चालेल?”

तो बराच वेळ दाराला धरून उभा होता. “राहून गेलं,” तो हळूच म्हणाला. “हो गं मावशी. राहूनच गेलं.” आणि तो तिथेच चपलांच्या स्टँडवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी नीलू मेथी निवडत होती. तिने ऐकलं आणि हात थांबवला. “असं म्हणाला तो? स्वतःच्या तोंडाने?”

“दोनदा म्हणाला,” मावशी म्हणाल्या.

“मग ठीक आहे,” नीलू म्हणाली, आणि पुढे कितीतरी वेळ ती एकच जुडी निवडत होती.

भेट विठ्ठलवाडीला झाली, मावशींच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी, कारण ते दोघांपैकी कुणाचंच घर नव्हतं. सासऱ्यांचा विषय काढायचा नाही, फक्त पोह्यांवर बोलायचं, असं मावशींनी दोघांना बजावलं होतं. दोघं समोरासमोर बसून ताटलीकडे बघत राहिली. शेवटी अभय म्हणाला, “नीलू, जाड झालीस गं.” नीलू म्हणाली, “आणि तू आरशात बघतोस का कधी? टकल्या!” मग दोघं हसली, आणि हसता हसता नीलूने पदराने डोळे पुसले. मावशींनी माझा दंड धरला. “चला, आपण बाहेर व्हरांड्यात थांबू. शिष्टमंडळाचं काम संपलं.”

आता अभय येतो-जातो. त्या गोष्टीबद्दल कुणी मावशींना काही म्हटलं तर ‘संबंधित पक्षांचा समंजसपणा’ एवढंच त्या म्हणतात. पण त्यांना मी जास्त ओळखलं ते यंदाच्या निवडणुकीत. मतदानाच्या दिवशी सकाळीच त्या इस्त्रीची सुती साडी नेसून, केस नीट बांधून खाली उतरल्या. मी जरा चाचरतच म्हणालो, “मावशी, यादीत तुमचं नाव नसणार.” मंत्री होण्यासाठी त्यांना तिकडचं नागरिकत्व घ्यावं लागलं होतं, आणि इथे त्या कागदोपत्री परदेशीच आहेत.

“माहीत आहे हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पोचवायला येते.”

मतदान केंद्र म्हणजे त्यांची जुनी शाळा. मी आणि नीलू रांगेत उभे राहिलो. त्या फाटकाबाहेर सावलीत उभ्या राहिल्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे उत्सुकतेने बघत होत्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी नीलूचा डावा हात आपल्या हातात घेतला, चष्मा वर करून बोटावरची शाईची ती ओली रेघ जवळून पाहिली.

“लावताना अजून गार लागतं का गं?” त्यांनी विचारलं.

“लागतं,” नीलू म्हणाली.

मावशींनी मान हलवली, आणि घर येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.