जुलैचं रिकामं पान

पांढुर्ण्याहून येणाऱ्या पहिल्या बसच्या कंडक्टरनं सौंसरला उतरल्या-उतरल्या मला हाक मारली. "सर, तुमचे डोंगरे सर गेले जी. रात्री." एवढं बोलून त्यानं तिकिटांची पेटी काखेत मारली आणि चहा प्यायला निघून गेला. मी नाटकं बसवणारा माणूस. असा प्रवेश मी कुणाला करू दिला नसता. थोडं थांब, खाली बघ, मग बोल, असं सांगितलं असतं. पण मरणाची बातमी तालीम करून येत नाही... मी तसाच परतीच्या बसमध्ये चढलो.

नामदेव डोंगरे पांढुर्ण्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी मराठी. तो फळ्यावर सूत्र लिहायचा, मी वर्गाबाहेर उभा राहून त्याची नक्कल करायचो. त्याला आकाशाचं वेड, पण दुर्बीण नव्हती. "दुर्बीण कायले पाहिजे? भागाकार येते ना?" असं म्हणायचा. प्रकाशाचा वेग आणि सूर्याचं अंतर यांचा भागाकार करून तो टपरीवर जाहीर करायचा, की तुम्ही पाहता तो सूर्य आठ मिनिटं शिळा आहे. चहावाला म्हणायचा, "मग माहा च्या ताजा हाय, सर." माझी बदली सौंसरला झाली, तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यानं गुरुत्वाकर्षण काढलं. "अंतर दुप्पट झालं का ओढ चौथाईवर येते, मधू. आता तू कायचा येतं!" मी खरंच कमी गेलो. तोच दर रविवारी बसनं यायचा. स्वतःचं सूत्र स्वतःच मोडायचा.

त्याचा सगळा जीव एका पाइपात होता. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचा वीस फुटी प्लास्टिकचा पाइप. एका टोकाला पत्र्याचं झाकण आणि त्याला खिळ्यानं पाडलेलं भोक, दुसऱ्या टोकाला पातळ कागद. अंगणाच्या भिंतीवर पाइप टेकवून तो सकाळच्या सूर्याकडे रोखला, की कागदावर सूर्य उतरायचा, लिंबाएवढा. पेन्सिलीनं त्याची कड आखायची आणि मोजायची. वर्तुळाची रुंदी भागिले पाइपाची लांबी, गुणिले सूर्याचं अंतर... झाला सूर्याचा व्यास, चौदा लाख किलोमीटर! हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की सूर्याला त्यानंच जन्म दिला असावा.

पण त्याला व्यास नको होता. पृथ्वीची वाट पूर्ण गोल नाही, हे त्याला आपल्या अंगणात, आपल्या पेन्सिलीनं पकडायचं होतं. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सगळ्यात जवळ, जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब. वहिनी म्हणायच्या, "जवळ हाय तं मंग थंडी कायले वाजते?" तो हसून पृथ्वीचं कलणं समजावू लागायचा आणि त्या भाकरी करायला उठून जायच्या. दोन वर्तुळांत दोनएक मिलिमीटरचा फरक यायला हवा, हे त्याचं गणित. जानेवारीचं वर्तुळ दरवर्षी मिळायचं. जुलैत आमच्याकडे आभाळ भरलेलं. वहीत डावीकडे जानेवारी, उजवीकडे कोरं पान. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी पाऊस लांबला. जुलै लागला तरी आभाळ धुतल्यासारखं निळं. पेरलेली सरकी मातीतच करपत होती, लोक एकमेकांशी धड बोलत नव्हते. नामदेव मात्र सकाळी पाइप पुसून तयार. त्याच आठवड्यात मी पांढुर्ण्याला गेलो होतो. टपरीवर सगळे तोंड पाडून बसलेले. मला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत. मी बाकावर उभा राहिलो, हात उंचावला आणि म्हणालो, "ढग येतील कसे? आमचा डोंगरे रोज सकाळी आभाळावर तोफ लावून राहिला!" काय हशा झाला! मी दुसऱ्या टपरीवरही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं, आणि त्यातलं हसू वाटेत कुठंतरी गळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार म्हातारे त्याच्या अंगणात आले. मी तिथंच होतो. चौघंही हात जोडून उभे. "सर, आमाले काही समजत नाही. पण पानी येईस्तोवर ते नळी आत ठेवा ना." सूर्य भिंतीवर आला होता. दोन मिनिटांचं काम होतं. नामदेवानं पाइप उचलला आणि माजघरात नेऊन ठेवला.

ते गेल्यावर मी म्हणालो, "मागच्या अंगणात लाव गुपचूप. कोण पाहते?"

"त्यायचं बी जळून राहिलं, मधू. अन् मी आभाळ मोकळं हाय म्हनून खुश होऊ?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तोफ चांगली म्हटली तू."

चार दिवसांनी ढग आले. त्यानंतर त्याला मोकळा जुलै मिळालाच नाही. या मेमध्ये तो गेला. मी त्याची माफी मागितली नाही. दर रविवारी मागणार होतो, आणि दर रविवार त्याला हसवण्यात घालवला...

आता जुलै लागला आहे. तीन दिवस झाले, रोज पहिल्या बसनं पांढुर्ण्याला येतो. पाइप माजघरातच होता, वहिनींनी त्यावर लुगडी वाळत टाकली होती. "घ्या भाऊजी, पन मले नाही जमत ते आखाचं," म्हणाल्या, आणि तरी वही-पेन्सिल घेऊन खालच्या टोकाशी बसल्या. वरचं टोक भिंतीवर, मधला भार माझ्या खांद्यावर. आभाळ शेणानं सारवल्यासारखं. काल रस्त्यावरून जाणारा एक जण थांबला. "काय सर, आता तुमी तोफ लावून राहिले का?"

"हो बाबू. लावून राहिलो."

तो हसला नाही. मीही नाही. खांदा भरून आला होता, या वयात वीस फूट पेलवत नाही. खाली ठेवावा म्हणून वळलो, तर वहिनी कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून, मान वाकवून, कागदावर उजेड येतो का ते बघत बसल्या होत्या. मी पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला.