घरचं नाव

जगभर एकाच दिवशी निघणाऱ्या मोर्चासाठी लेक आमच्या जेवणाच्या टेबलावर फलक रंगवत होती: 'विषमता हटवा, पाळत थांबवा.' सोसायटीच्या सभेतही कधी हात वर न केलेला मी तिचं शुद्धलेखन तपासत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"पोलीस चौकीतून बोलतोय. छकुलीला उद्या घरीच ठेवा, साहेब."

छकुली! हे नाव फक्त घरात आणि घरच्यांच्या फोनवर चालतं. नावं ठेवणारे पुष्कळ पाहिले, पण घरचं नाव उचलून नेणारा हा पहिलाच. अनोळखी माणूस आपल्या अंथरुणावर बसलेला दिसावा, तसं झालं.

"बाबा, आता तू मला जाऊ नको म्हणणार ना?" फोनवरचं ऐकून लेकीने विचारलं.

"मलाही एक फलक दे," मी म्हणालो. "हलका बघून दे, खांदा दुखतो."