विनायकदादाच्या तुलना, माझ्या तोंडून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तिला वाटतं, विनायकदादाची नोकरी कंपनीनं घालवली.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी आजही अभिमानानं सांगतो, का सांगू नये? पण त्याच अभिमानाखाली मी हे इतकी वर्षं झाकलं.

दुबईत, देरामध्ये एका खोलीत आम्ही सहा जण. त्यातले मी आणि विनायकदादा एकाच ऑफिसात – मी इंजिनियर, तो ड्राफ्ट्समन. कराडकडचा, दहावी पास. आधीच्या नोकऱ्यांत त्याला एक ऑस्ट्रेलियन फोरमन मिळाला, मग एक अमेरिकन. दोघांचे खेळ त्यानं मनापासून उचलले. शनिवारी सकाळी मोबाइलवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लावायचा आणि मला बळंच शेजारी बसवायचा.

"हा क्लब बघ. चाहते सगळ्यात जास्त, शिव्या देणारे त्याहून जास्त. म्हणजे न्यूयॉर्कचा तो श्रीमंत बेसबॉलवाला." मग पुढे – अमेरिकेत मालकाच्या मनात आलं की अख्खा संघ दुसऱ्या शहरात, ऑस्ट्रेलियात क्लब हलवायचं म्हटलं की सभासद भांडायला उठतात. अमेरिकेत तसं एकच छोटं बर्फाळ गाव, जिथला संघ गावाच्या मालकीचा.

"म्हणजे आपल्या गावची सोसायटी," मी म्हणालो.

"सोसायटीत चेअरमन खातो रे," दादा म्हणाला.

एकदा पँट्रीत आमचे ऑस्ट्रेलियन साहेब आणि अमेरिकन कन्सल्टंट क्लब कुणाच्या मालकीचा असावा यावरूनच वाद घालत होते. मी मधेच ते बर्फाळ गाव टाकलं. दोघंही वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मला त्यांच्या टेबलावर जेवायला बोलावणं – आणि मग काय, शनिवारी दादाचं ऐकायचं, सोमवारी आपलं म्हणून सांगायचं. दादानं एकदा विचारलं, "साहेबांशी एवढं काय हसतोस रे?" मी म्हणालो, "कामाचं."

मग माणसं कमी करायची वेळ आली. दोन ड्राफ्ट्समनपैकी एक ठेवायचा होता, आणि त्याला क्लायंटच्या मीटिंगांना बसावं लागणार होतं. साहेबांनी मला आत बोलावून विचारलं – विनायक क्लायंटसमोर बोलू शकेल?

त्या क्षणी मला काय दिसलं? दादा त्या टेबलावर बसलाय, फुटबॉलचा विषय निघालाय, आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कळलंय की मी कुणाचं बोलत होतो. एवढंच. एका माणसाच्या पोटापेक्षा मला ते मोठं वाटलं.

"ड्रॉइंग चांगलं आहे त्याचं, सर," मी म्हणालो, "पण इंग्रजी… नाही जमत."

त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. वय सत्तेचाळीस. ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद केलेला, म्हणून त्यानं साहेबांना हातानं पत्र लिहिलं – मीटिंगला बसवून एकदा बघा तरी, असं. ते माझ्याकडे दिलं. "तुझं ऐकतात ते. तूच दे."

मी दिलं नाही. दिलं म्हणून सांगितलं. तो जाईपर्यंत रोज विचारायचा, काही म्हणाले का? मी म्हणायचो, बघतो म्हणालेत, इन्शाल्ला.

आता तो कराडला दुसऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. पत्र माझ्या कपाटात आहे. दीड पान, इंग्रजीत. मी ते पुष्कळदा वाचलंय. त्यात एकही चूक नाही.