नळाच्या डोक्यावरचं सॉकेट

बसस्थानकावर तिला सगळे माईकबाई म्हणायचे. एकवीस वर्षं ती काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारत होती. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारा माणूस ताडकन उठून आधी बॅग उचलायचा आणि मग विचारायचा, "माझी गाडी का हो?" पण हीच बाई केबिनबाहेर पडली की तोंडात गुळणी धरल्यासारखी. दुकानदाराने शिळा पाव हातात ठेवला तरी गुपचूप घरी आणायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आवाज काय तिथेच कुलपात ठेवून येतेस?"

त्या दोघी चार महिन्यांपूर्वी या भाड्याच्या घरात आल्या होत्या. तिचा नवरा ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. घर वरच्या मजल्यावरचं, उजेडाचं, स्थानकापासून सात मिनिटांवर. खोट एकच, पण ती जिवावर बेतणारी. स्वयंपाकघरात फ्रिजचं सॉकेट होतं ते नेमकं सिंकच्या वर, नळापासून जेमतेम वीतभर. नळ जरा जोरात सोडला की शिंतोडे थेट प्लगवर. तिने त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. पिशवी दर दोन दिवसांनी सुटायची.

घरमालकांना तिने तीनदा सांगून पाहिलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहणारे गृहस्थ, बोलायला गोड. पहिल्यांदा म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "अहो, आधीचे भाडेकरू सात वर्षं राहिले, कुणाला मुंगी चावली नाही." तिसऱ्यांदा मात्र जरा तोडूनच बोलले, "तिथे हात लावायचा म्हणजे टाइल्स फुटणार. तशा टाइल्स आता मिळत नाहीत." त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच सोडलं. ती म्हणाली, जाऊ दे. तिची सवयच ती.

मग तो मंगळवार उजाडला.

सकाळी सासूबाईंनी कप विसळले आणि ओल्या हातानेच फ्रिजचं दार उघडायला गेल्या. "आई गं!" अशी किंकाळी आली, पाठोपाठ कप फुटल्याचा आवाज. माईकबाई धावली, आधी मेन स्विच पाडला, मग सासूबाईंना धरून खुर्चीत बसवलं. हात कोपरापर्यंत बधीर झालेला. ओठ पांढरे पडलेले. पण पाच मिनिटांनी म्हातारी बोलली ती हे, "कप चांगला होता गं, दांडीचा."

माईकबाईला हसू आलं नाही. तिने फ्रिजचा प्लग काढून टाकला, शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, "नशीब बलवत्तर" म्हणाले. तेव्हा कुठे ती उशिरानेच ड्यूटीवर गेली. जाता जाता मालकांना पाच फोन लावले. पाचही वाजून वाजून बंद पडले.

दुपारी दीडला तिची पाळी संपायची. एक वाजून वीस मिनिटांनी तिने सहज काचेतून बाहेर पाहिलं आणि बसल्या जागी उडालीच. चार नंबरच्या फलाटावर, मांडीवर राखाडी बॅग आणि हातात काळी छत्री घेऊन, घरमालक बसले होते!

बॅग चांगली फुगलेली. म्हणजे लेकीकडे निघाले. गेले की महिनाभर उगवत नाहीत, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. गाडी दीडची. दहा मिनिटांत हा माणूस हातातून जाणार. 

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कंट्रोलर बोलत होता, "बाई, चार नंबरची गाडी वाटेत पंक्चर. पन्नास मिनिटं लेट. पुकारा."

पन्नास मिनिटं! तिला त्या पंक्चर झालेल्या चाकाची दृष्ट काढावीशी वाटली.

तिने गाडी उशिरा येणार असल्याचं पुकारलं. फलाटावर नेहमीची कुरकुर झाली. पण तिचं बोट माईकच्या बटणावरून उठेना. एकवीस वर्षांत त्या माईकवर तिने घरचं एक अक्षर काढलं नव्हतं.  डोळ्यांसमोर सासूबाईंचे पांढरे ओठ आले आणि तिने बटण दाबलं.

"फलाट क्रमांक चारवर राखाडी बॅग आणि काळी छत्री घेऊन बसलेल्या काकांनी ताबडतोब चौकशी खिडकीजवळ यावे. काम तातडीचे आहे."

काका दचकले. खिसे चाचपले, बॅग चाचपली आणि लगबगीने खिडकीशी आले. "काय हो, काय पडलं माझं?"

"काही पडलं नाही, काका. मी तुमची वरच्या मजल्याची भाडेकरू."

काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "अरे, तुम्ही होय! मी फोन करणारच होतो. आता लेकीकडे निघालोय. आलो की बघू."

"बघू नाही." तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. तो माईकवरचा आवाज होता, माईकशिवाय. "आज सकाळी माझ्या सासूबाईंना फ्रिजचा शॉक बसला. मी पाच फोन केले तुम्हाला."

काकांच्या हातातली छत्री खाली टेकली. "शॉक? बऱ्या आहेत ना त्या?"

"आज आहेत. तुमच्या गाडीला पन्नास मिनिटं आहेत, घर सात मिनिटांवर आहे आणि माझी पाळी आत्ता संपतेय. चला. डोळ्यांनी बघा, मग खुशाल जा."

बदलीची बाई दारात येऊन उभीच होती. माईकबाईने तिच्या हाती वही दिली, पर्स उचलली आणि निघाली. काका मागे. ती इतकी भरभर चालत होती, की त्यांना अर्धवट धावावंच लागलं. चालता चालता तिने नाक्यावरच्या वायरमनला फोन लावला. "दादा, आत्ताच्या आत्ता या. मालक सापडलेत!"

वायरमन जेवणाचा डबा तसाच बंद करून आला. जिन्यात तिघांची गाठ पडली. वर सासूबाई दार उघडून उभ्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि नुसता उजवा हात पुढे करून बोटं हलवून दाखवली. काकांनी मान खाली घातली.

वायरमनने सगळ्यांना लांब उभं केलं, पायात रबरी चपला आहेत ना पाहिलं, प्लग लावला आणि टेस्टरचं टोक फ्रिजच्या दाराच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टर लख्ख पेटला.

"मालक, हा वायरीला लावलेला नाही हं. दाराला लावलाय."

मग त्याने मेन स्विच पाडला आणि सॉकेट उघडलं. आत सगळं काळंठिक्कर, पितळेवर हिरवा गंज, तळाशी पाण्याचा थेंब. आणि अर्थिंगची वायर कुठेच न जोडलेली, मोकळी लोंबत होती. "बसवणाऱ्याने जोडलीच नव्हती," वायरमन म्हणाला. "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, ही देवाची कृपा. तुमची नव्हे."

काका मटकन स्टुलावर बसले. बराच वेळ टाइल्सकडे पाहत राहिले. फिकट निळ्या, कोपऱ्यात बारीक पानं असलेल्या. मग हळूच म्हणाले, "आमच्या हिने निवडल्या होत्या. चौदा दुकानं फिरली होती. पुढच्याच वर्षी गेली. मला वाटलं, भिंत फोडली तर… म्हणून मी फोनच घेत नव्हतो. चुकलं माझं. आई, माफ करा."

 माईकबाईचा सगळा राग विरघळला. इतके दिवस ती या माणसाला कंजूष समजत होती.

वायरमनने मात्र कपाळावर हात मारला. "अहो, टाइल फोडायला सांगितली कुणी? हे सॉकेट काढायचं, वायर मागे घ्यायची, भोकावर कोरी झाकणपट्टी. नवीन सॉकेट समोरच्या कोरड्या भिंतीवर. वायर वरून पट्टीतून नेऊ. मेनजवळ शॉक लागताच आपोआप बंद होणारा स्विच बसवू. एका टाइलला ओरखडा आला तर माझं नाव बदला."

"एकाही टाइलला?" काका उठूनच उभे राहिले. "मग थांबलाय कशाला? करा सुरू!"

"काका, तुमची गाडी," माईकबाईने घड्याळ दाखवलं. "वीस मिनिटं राहिलीत."

काकांनी लेकीला फोन लावला. "अगं, मी उद्या येतो. नाही, तब्येत ठणठणीत आहे. इथे एक काम चालू आहे आणि मला ते बघायचंय!"

आणि त्यांनी खरंच पाहिलं. बॅग कोपऱ्यात टाकून शिडी धरली, पट्टीची मापं घेतली, वायरमनला नको इतक्या सूचना दिल्या. फ्रिज त्या चौघांनी मिळून ढकलला. सासूबाईंनी डाव्या हाताने. पाचच्या सुमाराला वायरमनने नव्या सॉकेटमध्ये प्लग घातला, टेस्टर दाराला टेकवला. टेस्टर मुका. फ्रिज घुरघुरायला लागला आणि माईकबाईने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

सासूबाईंनी नळ पूर्ण सोडला. पाणी टाइल्सवर उडालं, पानांवरून ओघळलं, कुणी दचकलं नाही.

तेवढ्यात काकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "खालची दोन्ही घरं," ते म्हणाले. "तिथलं वायरिंगही त्याच माणसाने केलं होतं. सॉकेटं सिंकच्या वरच."

 मग काका जिन्याकडे धावले, त्यांच्यामागे हत्यारांची पिशवी घेऊन वायरमन आणि सर्वांत पुढे माईकबाई. खालचं दार वाजवायच्या आधीच तिचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत पोचला होता, "ताई, फ्रिजला हात लावू नका! आम्ही आलोच!"