पडद्याच्या मागच्या बाजूनं

सरकीचा वास आला की अजूनही माझा जीव वरखाली होतो. निजामाच्या राज्यात, हैदराबादेत पदक मिळवून गाजलेला एक बोलपट वर्षभरानं परभणीला आला होता, सरकीच्या गोदामात, तीनच दिवस. बायकांचा खेळ एकच, शेवटच्या दुपारी. आमच्या पिंगळीहून रेल्वेनं जायचं, आणि थोरल्या जाऊबाईंची लिंगपूजा काही सरेना. मी दारात उभी, एकदा आत बघते, एकदा स्टेशनाकडं. "जाऊबाई, गाडी यायलीय!" "महादेवाला घाई न्हाई, तुलाच लय हाय," म्हणत त्यांनी आणखी एक बेल वाहिला. ती गाडी चुकलीच. मागून आलेल्या गाडीनं पोचलो तर गोदाम गच्च भरलेलं. मी रडकुंडीला आले, तेव्हा दारावरच्या बाईनं आमाला पडद्याच्या मागच्या बाजूला नेऊन बसवलं. पातळ कापडातून सगळं दिसत होतं. नायिका पदर उजव्या खांद्यावर घ्यायची. शहरातली नवी तऱ्हा असणार, असं वाटून दुसऱ्या दिवसापासून मीही तसाच घेतला. सासूबाई म्हणाल्या, "हे काय सोंग?" मी ताडकन म्हटलं, "पदकवाली असाच घेती!" त्या पदरापायी महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. परवा, पुरस्कारांचे दिवस म्हणून गाजलेले सिनेमे एकामागून एक बघत सुटलेल्या नातीनं नेमका तोच बोलपट लावला. नायिकेचा पदर डाव्या खांद्यावर. मी चिडून ओरडले, "अगं, उलटा लावलायस तू!"